उशीर एकच, कारणे निराळी : स्वमग्नता आणि बालमेंदूची इजा

इंदूर शहरातील छत्रीबाग हा भाग होळकर घराण्याच्या छत्र्यांमुळे आणि लक्ष्मी-वेंकटेश देवस्थानाच्या रथयात्रेमुळे सर्वपरिचित आहे. होळकरांच्या राजवटीपासून इंदुरात स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आजही घरात मराठी बोलतात. बाजारात, शाळेत आणि शेजारीपाजारी मात्र हिंदी व माळवी चालते. अशा एखाद्या घरातील मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर वडीलधारी मंडळी समजूत घालतात, "दोन-तीन भाषा कानावर पडतात, म्हणून गोंधळले आहे. बोलेल हळूहळू. त्याचा बापही उशिराच बोलला होता." दुसरे कोणी बाळंतपणातील हेळसांडीकडे बोट दाखवते. पहिल्या समजुतीत मोलाची वर्षे निघून जातात. दुसरीत आईला विनाकारण दोष लागतो. उशीर कशामुळे होत आहे, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी या वस्तीतील दोन घरे कल्पनेने डोळ्यांपुढे आणावीत. दोन्ही घरांत अडीच वर्षांचे एकेक मूल आहे. दोघेही बोलत नाहीत आणि दोघेही चवड्यांवर चालतात.

पहिल्या घरातील मुलगी आठव्या महिन्यात जन्मली. जन्मतः ती लगेच रडली नाही आणि काही दिवस तिला रुग्णालयात ठेवावे लागले. ती दीड वर्षाची झाल्यावर बसू लागली, आता भिंतीला धरून पावले टाकते. तिच्या डाव्या हाताची मूठ बहुधा वळलेलीच असते. परंतु संध्याकाळी वडील दारात दिसले की तिचा चेहरा उजळतो. ती त्यांच्या हातातील पिशवीकडे पाहते, मग त्यांच्या तोंडाकडे पाहते, हसते आणि घशातून आवाज काढते. पिशवीत काय आहे, हेच ती विचारते आहे, याविषयी घरात कोणालाही शंका नसते.

दुसऱ्या घरातील मुलाचा जन्म पूर्ण दिवसांचा आणि सुखरूप झाला. तो वेळेवर रांगला, वर्षाचा झाल्यावर चालू लागला. दीड वर्षाचा असताना चार-दोन शब्द बोलत असे. पुढे तेही थांबले. नावाने हाक मारली तर तो वळत नाही. शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज मात्र त्याला तत्काळ ऐकू येतो. डब्यातील वस्तू हवी असल्यास तो आईचा हात धरतो आणि झाकणावर नेऊन ठेवतो. तिच्या तोंडाकडे पाहत नाही. स्वयंपाकघरातील चमचे एका रांगेत मांडण्यात त्याचा तासन्‌तास वेळ जातो. रथयात्रेच्या वेळी ढोल वाजू लागले की तो कानांवर हात घेऊन आतल्या खोलीत पळतो.

शेजारी या दोघांनाही "मंद" या एकाच शब्दाने ओळखतात. वैद्यकीय दृष्ट्या या दोन निराळ्या अवस्था असण्याचा संभव आहे. त्यांची तपासणी, शिक्षण आणि मिळणारे साह्य ही सर्व निराळी असतात.

मेंदूला इजा कशी होते

गर्भावस्थेपासून आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपर्यंत मेंदूची घडण फार वेगाने होत असते. या काळात मेंदूच्या एखाद्या भागास इजा झाल्यास त्या भागाकडे असलेले काम अडते. दिवस भरण्यापूर्वी जन्म, जन्मसमयी प्राणवायूचा तुटवडा, नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ, रक्तातील साखर अतिशय कमी होणे, मेंदूत रक्तस्राव, मेंदूज्वर आणि डोक्याला जबर मार ही त्याची प्रमुख कारणे होत. हालचाली व स्नायूंचा ताण यांवर नियंत्रण ठेवणारा भाग दुखावल्यास मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी, उद्भवतो. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६१ साली अवघड प्रसूती आणि मुलांच्या अवयवांचा ताठरपणा यांतील संबंध दाखवून दिला. मात्र प्रत्येक वेळी प्रसूतीच कारणीभूत असते, असे समजू नये. बाळाच्या मेंदूत गर्भावस्थेतच दोष निर्माण झालेला असून त्यामुळे प्रसूती अवघड झाली, असेही घडू शकते. हा विचार सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ सालीच मांडला होता.

झालेली इजा पुढे वाढत नाही, हे या अवस्थेचे महत्त्वाचे लक्षण होय. मूल वाढू लागले की तिचे परिणाम अधिक स्पष्ट दिसतात, एवढेच.

स्वमग्नता म्हणजे काय

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या घडणीतील जन्मजात भिन्नता आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला वेगळी ओळख मिळवून दिली. इतरांशी संवाद साधण्याची रीत निराळी असणे आणि तेच ते करण्याची, ठरलेल्या क्रमाला चिकटून राहण्याची ओढ असणे, ही तिची दोन मुख्य अंगे आहेत. आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांची जाणीवही पुष्कळदा फार तीव्र किंवा फार मंद असते. मुलामुलांत या लक्षणांचे प्रमाण इतके वेगवेगळे असते की कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी अस्खलित बोलूनही दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेऊ शकत नाही.

पुढे काही दशके पाश्चात्त्य देशांत आईच्या मायेच्या अभावाने मूल असे होते, असा समज रूढ झाला आणि असंख्य मातांना त्याचा अकारण जाच सोसावा लागला. १९७७ साली सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत असे एकही उदाहरण नव्हते. आनुवंशिकतेचा वाटा त्यावरून स्पष्ट झाला. लसीमुळे स्वमग्नता होते, ही समजूतही निराधार आहे. तसे सुचविणारा १९९८ सालचा लेख "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. या भीतीपोटी कोणीही बाळाचे लसीकरण टाळू नये.

फरक कोठे पाहावा

मूल किती उशिरा शिकले, एवढ्यावरून कारण कळत नाही. ते काय करते, काय करीत नाही आणि कसे करते, हे पाहावे लागते.

अंगाचा ताण : मेंदूला इजा झालेल्या मुलाचे अंग ताठ किंवा फार सैल वाटते. मान धरणे, बसणे, उभे राहणे लांबते. शरीराची एक बाजू कमी वापरली जाते. पहिल्या वर्षातच मूल सतत एकच हात पुढे करीत असेल, तर घरात त्याचे "डावखुरा" किंवा "उजवा" म्हणून कौतुक होते. वास्तविक तो धोक्याचा इशारा असू शकतो, कारण हाताची अशी निवड साधारणतः त्या वयात ठरत नाही. स्वमग्न मुले बहुधा वेळेवर बसतात आणि चालतात, जरी काहींच्या हालचाली अवघडलेल्या असतात.

चवड्यांवर चालणे : हे दोन्हींत दिसते. मेंदूच्या पक्षाघातात पोटरीचे स्नायू आखडलेले असतात. मूल स्वस्थ असताना पाऊल हलकेच वर वळवू पाहिले तरी ते अडते. स्वमग्न मुलाचे पाऊल बहुधा सहज वळते आणि उभे असताना टाच जमिनीला टेकते. चालताना ते चवड्यांवर जाते. मात्र ही सवय वर्षानुवर्षे राहिल्यास त्याचेही स्नायू आखडतात. म्हणून अखेरचा निर्णय वैद्यांनीच करावा.

बोट दाखविणे : आई बाळाला चांदोबा दाखवते, तेव्हा बाळ प्रथम तिच्या बोटाच्या दिशेने पाहते. वर्ष-सव्वा वर्षाचे झाले की ते स्वतः बोट करते आणि आई पाहते आहे ना, याची तिच्या तोंडाकडे पाहून खात्री करून घेते. चंद्र त्याला मिळणार नसतो. तो आईनेही पाहावा, एवढीच त्याची इच्छा असते. आपला आनंद दुसऱ्याला दाखविण्याची ही धडपड स्वमग्न मुलात उशिरा येते किंवा फार थोडी दिसते. मेंदूच्या पक्षाघातात बोट सरळ होत नसले तरी नजर तेच काम करू शकते. वर कल्पिलेल्या मुलीची नजर पिशवीवरून वडिलांच्या तोंडाकडे जाते, यातच ती सामाजिक जाण दिसते.

बोलणे : पक्षाघात झालेल्या मुलाला पुष्कळदा शब्द समजतात, जीभ, ओठ आणि श्वास यांवर ताबा नसल्यामुळे उच्चार जमत नाही. स्वमग्न मूल कधी जाहिरात किंवा गाणे शब्दशः म्हणते, विचारलेला प्रश्नच परत उच्चारते, परंतु "पाणी दे" असे म्हणत नाही. पहिल्यापाशी सांगण्याची इच्छा असते, साधन अडलेले असते. दुसऱ्यापाशी कधी साधन असते, पण ते दुसऱ्याशी बोलण्यासाठी वापरायचे कसे, हे त्याला शिकवावे लागते.

वाटचाल : काही स्वमग्न मुले दुसऱ्या वर्षात आलेले शब्द आणि हावभाव गमावतात. मेंदूच्या स्थिर इजेत सहसा असे होत नाही. चालणे किंवा हातांचे कौशल्यच नाहीसे होऊ लागले अथवा झटके येऊ लागले, तर वेगळ्या आजाराची शंका घेऊन मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

अकाली जन्मलेल्या मुलाचे वय मोजताना साधारण दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतीची तारीख धरावी. दोन महिने आधी जन्मलेले बाळ दहा महिन्यांचे असेल, तर त्याची प्रगती आठ महिन्यांच्या बाळाप्रमाणे पडताळावी. असे न केल्यास उगाच चिंता वाढते. आणि तसे करूनही उशीर दिसत असल्यास "लवकर जन्मले म्हणून" हे उत्तर पुरेसे राहत नाही.

दोन्ही अवस्था एकत्र असू शकतात

वरील भेद उपयोगी असले तरी त्यांच्यात भिंत नाही. अकाली जन्मलेल्या मुलांत मेंदूच्या पक्षाघाताबरोबर स्वमग्नतेचेही प्रमाण अधिक आढळते. अमेरिकेत २००८ सालच्या एका पाहणीत मेंदूचा पक्षाघात असलेल्या आठ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुले स्वमग्नही होती. म्हणून जन्मसमयीची अडचण ठाऊक आहे, एवढ्यावरून मुलाच्या प्रत्येक वर्तनाचे कारण तेच मानणे बरोबर नाही. पायांवर उपचार चालू असलेले मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, तर त्याची स्वतंत्र तपासणी करावी. तसेच दोन्हींपैकी एकही नसून मुलास केवळ बौद्धिक अक्षमता असणे किंवा भाषाविकास तेवढा मंद असणे, हेही संभवते.

आधी कान तपासावेत

न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी प्रथम झाली पाहिजे. टाळी वाजविल्यावर मूल दचकले, याचा अर्थ त्याला बोलण्यातील सर्व ध्वनी ऐकू येतात, असा होत नाही. तीव्र काविळीमुळे मेंदूबरोबर श्रवणशक्तीलाही धोका पोचतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

घरातील दोन भाषांविषयी मात्र निश्चिंत राहावे. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्नता येत नाही, की मेंदूचा विकास खुंटत नाही. मूल काही शब्द मराठीत आणि काही हिंदीत बोलत असेल, तर दोन्ही मिळून गणना करावी. स्वमग्न मुलांच्या बाबतीतही दोन भाषांमुळे अधिक उशीर झाल्याचे संशोधनात दिसून आलेले नाही. घरातील मराठी बंद करण्याचा सल्ला देऊन आजी-आजोबांना नातवाशी बोलण्यापासून तोडू नये. ज्या भाषेत घरचे लोक मोकळेपणाने लाड करतात, रागावतात, गोष्टी सांगतात, तीच भाषा मुलासाठी चांगली.

निदान कसे होते

मेंदूच्या पक्षाघातात हालचालींची तपासणी मुख्य असते. एमआरआय चित्रात बहुसंख्य मुलांच्या मेंदूतील इजा दिसते. अनुभवी तज्ज्ञ हे निदान आयुष्याच्या पहिल्या सहा महिन्यांतही करू शकतात. स्वमग्नतेसाठी रक्ताची कोणतीही चाचणी नाही आणि मेंदूच्या चित्रावरून ती ठरत नाही. मुलाचे खेळणे-वागणे पाहून आणि पालकांशी सविस्तर बोलूनच निदान करण्यात येते. त्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने भारतीय मुलांना अनुरूप अशी मोजपट्टी तयार केली आहे. तीत ४० बाबी असून प्रत्येकीस १ ते ५ गुण देतात. एकूण गुण ७० पेक्षा कमी असल्यास स्वमग्नता नाही, असे धरले जाते.

निदान चुकल्याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन यांचे आहे. त्यांचा जन्म १९४७ सालचा. लहानपणी त्या बोलत नसत, म्हणून त्यांच्या मेंदूला इजा झाली आहे, असे ठरविण्यात आले होते. पुढे त्या स्वमग्न असल्याचे स्पष्ट झाले. नाव चुकले तरी आईने त्यांच्या बोलण्याचे शिक्षण लहानपणीच सुरू केले होते. त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या आणि गुरांना न बिथरवता हाताळण्याच्या त्यांनी आखलेल्या व्यवस्था जगात अनेक ठिकाणी वापरल्या जातात. निदानाची वाट पाहत शिक्षण थांबवू नये, हा धडा त्यातून मिळतो.

साह्य आणि हक्क

दोन्ही अवस्थांवर रामबाण औषध नाही. "महिनाभरात बरे करून देतो" असे म्हणणाऱ्यांच्या नादी लागून दागिने गहाण टाकू नयेत. मेंदूच्या पक्षाघातात स्नायू आखडू नयेत म्हणून व्यायामोपचार, योग्य आसन, पायांना आधार देणारी साधने आणि गिळण्या-बोलण्याचे शिक्षण यांची गरज असते. स्वमग्न मुलास खेळातून संवाद, चित्रांच्या साह्याने दिनक्रम आणि आवाज-गर्दीपासून आवश्यक तेथे आडोसा दिल्यास त्याची प्रगती होते.

शारीरिक अक्षमतेवरून बुद्धीचा अंदाज बांधू नये, हे मालिनी चिब यांच्या जीवनावरून दिसते. जन्मसमयी प्राणवायू कमी पडल्याने त्यांना मेंदूचा पक्षाघात झाला. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. मालिनी चिब यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली, लंडन येथे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले.

कायद्याच्या दृष्टीनेही नेमके निदान महत्त्वाचे आहे. १९९५ सालच्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांची एकत्र दखल घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि मेंदूचा पक्षाघात यांची स्वतंत्र नोंद आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रावर चुकीचा प्रकार पडल्यास मुलाला गरजेचे साह्य मिळण्यात अडचण येते, हे संबंधित अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी करण्यात आली. त्यावरून २ ते ९ वर्षांच्या साधारण आठ मुलांमागे एकास मेंदूच्या विकासाशी संबंधित काही ना काही अडचण असते, असे अनुमान निघाले. हे प्रमाण पाहता प्रत्येक अंगणवाडीत आणि वर्गात असे मूल असण्याचा संभव आहे.

अंगणवाडी व शाळेने काय करावे

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथकाने अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शाळेस एकदा भेट द्यावी आणि शंका असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे. पथक येईपर्यंत अंगणवाडी सेविकेने व शिक्षकाने पालकांना पुढील प्रश्न शांतपणे विचारावेत आणि उत्तरे लिहून ठेवावीत :

१. जन्म किती दिवसांनी झाला? मूल लगेच रडले का? कावीळ, झटके, मेंदूज्वर यांपैकी काही झाले होते का?
२. मान धरणे, बसणे, चालणे केव्हा जमले? दोन्ही हात सारखे वापरते का?
३. हाकेला वळते का? लांबची वस्तू बोटाने किंवा नजरेने दाखवते का?
४. दुसऱ्याने हसविले, लपून "भोक" केले, तर पुन्हा कर असे सुचवते का?
५. आलेले शब्द किंवा कौशल्य गेले आहे का?
६. कानांची तपासणी झाली आहे का?

ही नोंद म्हणजे निदान नव्हे. पण तज्ज्ञाच्या हाती ती पडली, तर पालकांच्या अनेक खेपा वाचतात. प्रसूतीचे कागद, नवजात कक्षाची चिठ्ठी आणि मूल घरात खेळत असतानाचे मोबाईलवरील लहानसे चित्रणही बरोबर न्यावे. अनोळखी खोलीत बावरलेले मूल घरच्यासारखे वागत नाही.

वर कल्पिलेल्या मुलीला व्यायामोपचार लवकर मिळाले, तर तिची वळलेली मूठ उघडण्यास मदत होईल आणि चित्रफलकावर बोट ठेवून ती पिशवीत काय आहे, हे विचारू शकेल. मुलाला चित्र देऊन खाऊ मागायला शिकविले, तर त्याला आईचा हात ओढावा लागणार नाही. पुढच्या रथयात्रेच्या दिवशी त्याला गर्दीत न नेता गच्चीवरून रथ दाखविता येईल. त्यासाठी दोन्ही घरांना आपल्या मुलाची खरी अडचण कोणती, हे कोणी तरी वेळेवर समजावून सांगितले पाहिजे. ते काम शेजारच्या अंगणवाडीपासून सुरू होते.